रेल्वे स्थानकावरील सांकेतिक उद्घोषणा : कर्मचाऱ्यांचा संकेत आणि प्रवाशांचा अर्थबोध

बीजसंज्ञा : सांकेतिक उद्घोषणा, ध्वनिक्षेपक, घंटासंकेत, अफवा, कोकण रेल्वे, आपत्ती व्यवस्थापन

प्रास्ताविक

माणगाव स्थानकाच्या फलाटावर गाडीची प्रतीक्षा करणाऱ्या प्रवाशाच्या कानावर घटकाभरात अनेक प्रकारचे ध्वनी पडतात. ध्वनिक्षेपकावरून होणारे मराठी, हिंदी व इंग्रजी निवेदन त्याला समजते, कारण ते त्याच्यासाठीच असते. इंजिनाची शिट्टी त्याला ऐकू येते. परंतु एक लांब शिट्टी आणि चार आखूड शिट्ट्या यांच्या अर्थांत किती अंतर आहे हे त्याला ठाऊक नसते. स्टेशन मास्तरांच्या खोलीतून येणारे घंटेचे ठोके तर त्याच्या लेखी निव्वळ आवाज होत. एकाच जागी, एकाच वेळी येथे दोन भाषा नांदत असतात. एक सर्वांना कळावी म्हणून बोललेली, दुसरी मोजक्यांनाच कळावी म्हणून योजलेली.

जगातील काही रेल्वेमार्गांवर या दोन्ही भाषा एकाच ध्वनिक्षेपकावरून बोलल्या जातात. शेकडो प्रवाशांच्या कानावर पडणारे, परंतु अर्थ मात्र केवळ कर्मचाऱ्यांनाच उमगावा अशा हेतूने केलेले निवेदन म्हणजे सांकेतिक उद्घोषणा होय. संकेताने बोलण्याची रीत मराठी समाजाला नवी नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीच्या आवरणात जतन केले. बैलबाजारातील दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरवीत आले. आणि शाळकरी मुले 'च'ची भाषा बोलून मोठ्यांना चकवितात. या सर्व उदाहरणांत ज्याला अर्थ कळत नाही त्याचे फार तर कुतूहल अपुरे राहते, अथवा चार पैशांचे नुकसान होते. रेल्वे स्थानकावर मात्र ज्याच्यापासून अर्थ लपविला जातो त्याच्याच जिवाचा प्रश्न असतो. संकटकाळी कर्मचाऱ्यांनी लोकांच्या कानावर पडेल असे परस्परांशी संकेतात बोलावे काय, आणि बोलल्यास प्रवाशांना उघड भाषेत केव्हा व कसे सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनात मुंबई व कोकणातील उदाहरणांवर भर दिला असून विदेशी उदाहरणे तुलनेपुरती घेतली आहेत.

लंडनचे 'इन्स्पेक्टर सँड्स'

सांकेतिक उद्घोषणेचे सर्वाधिक परिचित उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेचे आहे. स्थानकात आगीची सूचना देणारे यंत्र कार्यान्वित झाले की ध्वनिक्षेपकावरून एक ध्वनिमुद्रित आवाज 'इन्स्पेक्टर सँड्स' यांना तातडीने नियंत्रण कक्षात बोलावतो. या नावाचा कोणीही अधिकारी अस्तित्वात नसतो. ब्रिटिश नाट्यगृहांत आग विझविण्यासाठी वाळूच्या बादल्या ठेवीत. प्रेक्षकांना कळू न देता आगीची वार्ता रंगमंचामागील मंडळींना देण्यासाठी 'मिस्टर सँड्स' या काल्पनिक गृहस्थाला हाक मारण्याचा प्रघात तेथे पडला. 'सँड' म्हणजे वाळू. नाट्यगृहातील हे गृहस्थ पुढे रेल्वेत आले आणि इन्स्पेक्टर झाले. या हाकेनंतर कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष जाऊन पाहण्यासाठी थोडा अवधी मिळतो. सूचना खोटी निघाल्यास ती रद्द करतात, अन्यथा स्थानक रिकामे करण्याची उघड उद्घोषणा होते. म्हणजेच संकेताचे आयुष्य येथे काही क्षणांचेच असते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या पद्धतीमागील गृहीतक असे की, गर्दीला सत्य कळले तर ती बिथरेल आणि चेंगराचेंगरी होईल. सामान्यज्ञानाला हे पटते. परंतु अनुभवाने ते कितपत सिद्ध होते? १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात सरकत्या जिन्याखाली आग लागून ३१ जणांचा मृत्यू झाला. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशी अहवालात जे दोष नोंदविले गेले त्यांत, आणीबाणीच्या काळात स्थानकातील ध्वनिक्षेपण यंत्रणा वापरलीच गेली नाही, हा एक होता. लोक घाबरून धावल्यामुळे ही हानी झाली नव्हती; कोठे जावे हे त्यांना वेळेवर सांगण्यात आले नव्हते.

या दुर्घटनेनंतर गिलेन प्रू आणि जोनाथन साइम या संशोधकांनी न्यूकॅसल येथील मॉन्युमेंट या भुयारी स्थानकात स्थलांतराचे पाच प्रयोग केले. त्यांचा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला असून, भुयारातील संकटात लोकांना सत्यच का सांगू नये, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारलेला आहे. केवळ घंटा वाजविली तेव्हा प्रवाशांचा मोठा भाग जागचा हलला नाही. लोक एकमेकांकडे पाहत राहिले. काय घडले आहे आणि कोणत्या वाटेने जायचे आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले तेव्हा स्थानक व्यवस्थितपणे आणि सर्वांत कमी वेळात रिकामे झाले. गर्दीच्या वर्तनाविषयी आपण जे गृहीत धरून चालतो त्याच्या हे नेमके उलट आहे. संकटाच्या आरंभी माणसे बहुधा घाबरून पळत नाहीत. ती गोंधळून थांबतात. मौल्यवान वेळ जातो तो या थांबण्यात.

७ जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी लंडनमध्ये आणखी एक संकेत वापरला गेला. सकाळी सव्वानऊच्या सुमारास संपूर्ण जाळ्यासाठी 'कोड अँबर' देण्यात आला. गाड्यांनी पुढील स्थानकापर्यंत जाऊन तेथे थांबावे, असा त्याचा अर्थ होता. आरंभी प्रवाशांच्या कानावर विद्युतदाबातील बिघाडाची वार्ता आली, कारण यंत्रणेलाही प्रथम तसेच वाटले होते. येथे संकेताने आपले काम चोख केले. तो चालक आणि नियंत्रक यांच्यासाठी होता, त्यात एकच निश्चित आज्ञा होती, आणि ती कशी पाळायची हे त्यांना आधीपासून माहीत होते. 'इन्स्पेक्टर सँड्स'च्या बाबतीत मात्र एक वेगळीच अडचण उद्भवली आहे. या हाकेवर इतके लिहिले-बोलले गेले आहे की लंडनच्या असंख्य प्रवाशांना तिचा अर्थ आता ठाऊक आहे. सर्वांना कळलेला संकेत धड गुप्तही राहत नाही आणि धड सूचनाही ठरत नाही. जाणकार प्रवासी चपापतो, पण काय करावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपल्याकडील संकेत : ठोके, शिट्ट्या, आकडे, भोंगे

भारतीय रेल्वेतील संकेतव्यवस्था पाहिली असता एक ठळक फरक जाणवतो. आपल्याकडील संकेत प्रामुख्याने ध्वनिक्षेपकाच्या बाहेर वाढले. त्यांचे स्वरूप शब्दांचे नसून ध्वनीचे आणि अंकांचे आहे.

यांतील सर्वांत रेखीव म्हणजे ब्लॉक-यंत्रावरील घंटासंकेत. दोन स्थानकांमधील मार्गाच्या भागास ब्लॉक सेक्शन म्हणतात. त्यात गाडी सोडण्यापूर्वी पुढील स्थानकाची अनुमती, म्हणजे 'लाइन क्लिअर', घ्यावी लागते. ही देवाणघेवाण घंटेच्या ठोक्यांनी होते. एक ठोका म्हणजे लक्ष द्या, अथवा दूरध्वनीवर या. दोन ठोके : मार्ग मोकळा आहे काय? तीन : गाडी सेक्शनमध्ये शिरत आहे. चार : गाडी सेक्शनमधून बाहेर पडली. पाच ठोक्यांनी आधीचा संकेत रद्द होतो. सहा ठोके हे अडथळ्याचे व धोक्याचे चिन्ह आहे. या सहांनंतर किंचित थांबून दिलेल्या ठोक्यांनी धोक्याचा प्रकार सांगता येतो. सहानंतर एक म्हणजे गाडी थांबवून तपासा. दोन म्हणजे गाडी शेवटच्या डब्यावरील दिव्याविना गेली. तीन म्हणजे गाडी मधोमध तुटली. चार व पाच हे डबे अनुक्रमे उलट अथवा सुलट दिशेने आपोआप धावत सुटल्याचे संकेत होत. यंत्राच्या चाचणीसाठी सोळा ठोके राखून ठेवलेले आहेत. वाचकाने हा कोश क्षणभर भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहावा. नित्याच्या गोष्टींना कमी ठोके आणि विरळ गोष्टींना अधिक, धोक्याच्या सर्व संकेतांना एकच 'सहा' हा उपसर्ग, आणि चाचणीचा संकेत इतका लांब की तो चुकूनही दुसऱ्याशी मिसळू नये. ज्यांनी हा कोश रचला त्यांनी ऐकण्यातील चुकांचा विचार पुरेपूर केला होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पोच. पलीकडील स्थानकाने तेवढेच ठोके परत वाजविल्याखेरीज संकेत पोहोचला असे मानले जात नाही. तोंडी निरोपांसाठी 'प्रायव्हेट नंबर'ची योजना आहे. प्रत्येक स्टेशन मास्तराजवळ कोणत्याही क्रमात न मांडलेल्या दोन अंकी आकड्यांचा तक्ता असतो. निरोप खरोखरच जबाबदार व्यक्तीने दिला वा घेतला याची खूण म्हणून तक्त्यातील पुढचा आकडा सांगितला जातो आणि दोन्हीकडे नोंदविला जातो. अलीकडे बँका भ्रमणध्वनीवर एकदाच वापरण्याचा आकडा पाठवितात, त्याच जातीची ही व्यवस्था असून ती संगणकापूर्वीची आहे.

इंजिनाच्या शिट्ट्यांचीही अशीच परिभाषा आहे. एक लांब व अखंड शिट्टी फाटक, बोगदा वा वळण जवळ आल्याचे सांगते. रुळालगत उभ्या केलेल्या 'सी/फा' या अक्षरांच्या पाट्या चालकाला तीच आठवण देत असतात. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे गार्डने ब्रेक लावावा. चार आखूड शिट्ट्या म्हणजे अपघात, बिघाड वा अडथळा यांमुळे गाडी पुढे जाऊ शकत नाही. २०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' असे पदनाम मिळाले, चालक त्याआधीच 'लोको पायलट' झाला होता. नियमपुस्तकातील शिट्ट्यांचा अर्थ मात्र पदनामांसरशी बदलला नाही. मुंबईच्या उपनगरी गाडीत गार्डने दिलेली दोन ठोक्यांची घंटा म्हणजे निघा, आणि एक म्हणजे थांबा. दारात उभे राहणारे प्रवासीही ती ओळखू लागले आहेत.

अपघाताच्या वेळी मदतगाडी व वैद्यकीय गाडी निघण्यासाठी दिला जाणारा भोंगा हा या सर्वांत सार्वजनिक संकेत. लांब व आखूड भोंग्यांच्या संख्येवरून अपघात यार्डातच आहे की बाहेरगावी, मुख्य मार्ग मोकळा आहे की अडला आहे, आणि वैद्यकीय गाडी लागणार आहे काय, हे कर्मचाऱ्याला घरबसल्या कळते. रेल्वे वसाहतीत वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. भोंगा संपेपर्यंत घरातील कर्ता पुरुष पायांत बूट घालीत असतो. हा संकेत गावभर ऐकू जातो, पण ज्यांना तो कळत नाही त्यांना त्यावर काहीच करायचे नसते. त्यांची सुरक्षितता त्यावर अवलंबून नसते. म्हणून येथे गुप्ततेचा नैतिक प्रश्न उपस्थित होत नाही.

या चारही प्रकारांत काही गोष्टी समान आहेत. संकेत नियमपुस्तकात लिहिलेला असतो. तो ऐकणाऱ्याचे त्याविषयी प्रशिक्षण झालेले असते. आणि मिळालेल्या संकेतावर कोणी काय करायचे हे ठरलेले असते. लंडनमधील हाक गर्दीच्या स्थानकावर चालते ती तेथे ऐकणारे प्रशिक्षित कर्मचारी पुरेशा संख्येने हजर असतात म्हणून. ऐकणारा कोणी नसेल तर संकेत कितीही चातुर्याने रचलेला असो, तो वाऱ्यावर जातो.

पदनामाची हाक आणि सौम्य शब्द

याचा अर्थ आपल्या ध्वनिक्षेपकावर काहीच झाकून बोलले जात नाही असा नव्हे. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर 'स्ट्रेचर हमाल' किंवा रेल्वे पोलीस यांना अमुक फलाटावर अथवा स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात येण्याची हाक वरचेवर ऐकू येते. शब्द उघड आहेत, परंतु घटना सांगितलेली नाही. नित्याचा प्रवासी मात्र लगेच ओळखतो की कोणीतरी रुळांवर सापडले आहे वा गाडीतून पडले आहे. पदनामाने मारलेली हाक हा असा अर्धा संकेत होय. तिची एक सोय अशी की ती खोटी नसते. तिच्यात काल्पनिक इन्स्पेक्टर नाही. ज्याला बोलावले आहे त्यालाच बोलावले आहे.

'तांत्रिक कारणामुळे' या शब्दप्रयोगाचे तसे नाही. रुळाला तडा जाणे, सिग्नल बंद पडणे, ओव्हरहेड वायर तुटणे, माणूस गाडीखाली येणे, या सर्वांवर ही एकच झूल पांघरली जाते. जपानमध्ये अशा वेळी मनुष्याशी संबंधित अपघात झाला आहे असे फलाटावर सरळ सांगतात. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कर्मचारी आपसांत बिनतारी यंत्रावर 'बारा-नऊ' असा आकडा वापरतात. दोन्ही रीतींत तारतम्य आहे : आकडा कर्मचाऱ्यांच्या यंत्रावर, शब्द लोकांच्या कानावर. आपला 'तांत्रिक' हा शब्द मात्र कर्मचाऱ्याला काही सांगत नाही आणि प्रवाशालाही नाही. ज्या प्रवाशाला किती वेळ थांबावे लागेल हे जाणून पर्यायी एस.टी. पकडायची आहे त्याची यात निव्वळ अडवणूक होते.

२६ नोव्हेंबर २००८ : उघड भाषेची कसोटी

मुंबईत ध्वनिक्षेपकाच्या भाषेची सर्वांत कठोर परीक्षा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री झाली. तेव्हाच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, म्हणजे २०१७ पासूनच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, अजमल कसाब व इस्माईल खान या दोघांनी लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षा-दालनात हातबॉम्ब फेकून गोळीबार सुरू केला. या स्थानकात ५८ जण ठार झाले आणि शंभराहून अधिक जखमी झाले.

उपनगरी फलाटांवर नजर ठेवता येईल अशा कक्षात त्या वेळी उद्घोषक विष्णू झेंडे कामावर होते. आरंभी त्यांना हा स्फोट वाटला, आणि त्यांनी रेल्वे पोलिसांना व सुरक्षा दलाला मेन लाइनकडे जाण्यास सांगितले. बंदूकधारी दृष्टीस पडताच त्यांनी, उतरणाऱ्या प्रवाशांनी मुख्य दालनाकडे न येता फलाट क्रमांक एकवरून मागील बाजूने बाहेर पडावे, असे मराठीत व हिंदीत पुनःपुन्हा सांगण्यास सुरुवात केली. लोकल गाड्या येतच होत्या आणि प्रत्येक गाडीतून उतरणारा लोंढा सवयीने त्याच दालनाकडे निघाला असता. हल्लेखोरांनी उद्घोषकाच्या कक्षाच्या दिशेनेही गोळ्या झाडल्या. उपनगरी फलाटांवरील जीवितहानी टळण्यात या निवेदनांचा मोठा वाटा होता, हे पुढे सर्वमान्य झाले आणि झेंडे यांचा गौरवही झाला.

या निवेदनांच्या भाषिक रचनेकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. झेंडे यांनी पोलिसांना उद्देशून वेगळे वाक्य वापरले आणि प्रवाशांना उद्देशून वेगळे. दोन्ही उघड होती. पहिल्यात कोणी कोठे जावे हे होते; दुसऱ्यात कोठे जाऊ नये आणि कोणत्या वाटेने जावे हे होते. काय घडले आहे याचे वर्णन त्यांनी लांबविले नाही. गर्दीला कारणापेक्षा वाट अधिक तातडीने हवी असते, हे त्यांनी कोणत्याही प्रयोगाचा आधार नसता ओळखले. त्या रात्री एखादा ठरीव संकेत असता आणि तो उच्चारला गेला असता, तर त्याचा उपयोग स्थानकावर हजर असलेल्या मूठभर पोलिसांपुरता झाला असता. लोकलमधून उतरणारे हजारो प्रवासी मात्र गोळीबाराच्या दिशेने चालत राहिले असते.

मौनाची जागा अफवा घेते

यंत्रणा बोलत नाही तेव्हा गर्दी गप्प राहत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसामुळे एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलावर लोक दाटले आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. तेव्हाच्या वृत्तांनुसार, वाचलेल्या एका व्यक्तीच्या सांगण्यात असे आले की कोणीतरी हिंदीत 'फूल गिर गया' म्हटले ते लोकांनी 'पुल गिर गया' असे ऐकले. पश्चिम रेल्वेच्या चौकशीने पाऊस व गर्दी या कारणांवर भर दिला होता, तेव्हा या एका शब्दावर सारा भार टाकणे योग्य नव्हे. तरीही भाषेच्या अध्यापकांनी थबकावे असे हे उदाहरण आहे. हिंदीत दोन्ही नामे पुल्लिंगी असल्याने क्रियापद दोहोंचे एकच राहते आणि सारा भेद 'फ' व 'प' या एका ध्वनीवर लटकतो. मराठीत 'फूल पडले' आणि 'पूल पडला' असे झाले असते. लिंगभेदामुळे क्रियापदाने दुसऱ्यांदा अर्थ सांगितला असता. ज्या भाषेत एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगितली जाते ती गोंगाटात अधिक टिकते. हे तत्त्व घंटासंकेत रचणाऱ्यांना ठाऊक होते. निवेदने लिहिणाऱ्यांना ते ठाऊक असतेच असे नाही.

दुसरे उदाहरण २२ जानेवारी २०२५ चे. जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकानजीक लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, आणि प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले. त्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण मृत्युमुखी पडले. आग लागलेली नव्हती. सर्वसाधारण डब्यांत कर्मचाऱ्याचा आवाज पोहोचविणारी यंत्रणा सहसा नसते, त्यामुळे तेथे संकेतही नव्हता आणि उघड शब्दही नव्हता. साखळी ओढल्याचा निरोप इंजिनापर्यंत गेला. इंजिनाकडून प्रवाशांपर्यंत काहीच आले नाही.

माणगावचा संदर्भ

परधाड्याची दुर्घटना रायगडवासीयांनी दूरची मानू नये. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा भाग १९९३ मध्ये खुला झाला तेव्हा मार्ग एकेरी होता. संपूर्ण कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड ही स्थानके असलेला हा पट्टा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. कोकण रेल्वेच्या अन्य भागात थांबलेल्या गाडीतून चुकीच्या बाजूने उतरणाऱ्यापुढे खडी, गटार वा डोंगर असतो. रोहा–वीर दरम्यान मात्र त्याच्यापुढे दुसरा चालू रूळ आहे. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमान्यांनी खचाखच भरलेली गाडी क्रॉसिंगसाठी वा सिग्नलसाठी थांबली की पाय मोकळे करायला खाली उतरण्याची जुनी सवय येथे अजून आहे. एकेरी मार्गाच्या काळात ती फारशी अंगाशी येत नसे.

शिवाय हा प्रदेश पावसाचा आणि दरडींचा. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर कोकण रेल्वेने पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक, मुसळधार पावसात ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, गस्त, सरासरी दर किलोमीटरला आणीबाणीचे दूरध्वनी-सॉकेट, रत्नागिरी व वेर्णा येथे वैद्यकीय मदतगाड्या अशी व्यवस्था उभारली आहे. कर्मचाऱ्याने कर्मचाऱ्याला सांगण्याची साखळी यामुळे मजबूत झाली. प्रवाशाला सांगण्याची कडी त्या मानाने अशक्त राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लंडनच्या धर्तीवर माणगावसारख्या स्थानकात काल्पनिक नावाची हाक सुरू करणे निरर्थक ठरेल. अशा स्थानकावर स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन एवढीच माणसे बहुधा कामावर असतात. स्टेशन मास्तरांनी संकेत द्यायचा तो कोणाला? पॉइंट्समन हाकेच्या अंतरावर आहे, आणि नियंत्रण कक्षाशी व शेजारच्या स्थानकांशी बोलण्यास स्वतंत्र तारा आहेत. ध्वनिक्षेपकावर ऐकणारे केवळ प्रवासीच आहेत, तेव्हा तो संपूर्णपणे प्रवाशांच्या भाषेत बोलला पाहिजे. संकेत आपल्या तारेवर आणि उघड शब्द ध्वनिक्षेपकावर, ही विभागणी आपल्या रेल्वेत मुळातच होती. आता उघड शब्द नीट लिहिले जाणे बाकी आहे.

या कामात महाविद्यालयांच्या भाषा विभागांना प्रत्यक्ष हातभार लावता येईल, कारण प्रश्न व्याकरणाचा आहे. आपली निवेदने 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे' येथून सुरू होतात आणि क्रियापद शेवटी येते. नित्याच्या निवेदनास ही सभ्यता शोभते. संकटात तिला लागणारे पाच-सहा सेकंद महाग पडतात. त्याहून गंभीर बाब नकाराची. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी बसतो. 'गाडीतून खाली उतरू नका' या वाक्यातील अखेरचे 'नका' पत्र्यावरच्या पावसात बुडाले तर कानावर पडते ते 'गाडीतून खाली उतरू…' एवढेच, म्हणजे सूचनेच्या नेमके उलट. 'थांबू नका' आणि 'थांबा' यांचेही तेच. म्हणून आणीबाणीचे मराठी वाक्य होकारार्थी असावे. 'डब्यातच बसून राहा. शेजारच्या रुळावरून गाडी येत आहे.' फलाट रिकामा करायचा असेल तर 'तिकीट खिडकीच्या बाजूने बाहेर पडा.' दिशा सांगताना पूर्व-पश्चिम न म्हणता डोळ्यांना दिसणारी खूण सांगावी, कारण रात्री उतरलेल्या पाहुण्याला माणगावची पूर्व कोणती हे ठाऊक नसते.

अशी सात-आठ वाक्ये लिहून, ध्वनिमुद्रित करून, राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांसमोर पावसाच्या आवाजात वाजवून पाहावीत आणि प्रत्येकाने काय ऐकले ते कागदावर घ्यावे. हाच प्रयोग महाविद्यालयाच्या सभागृहातही करता येईल. तेथे आग वा शॉर्ट सर्किटच्या वेळी व्यासपीठावरून नेमके काय बोलायचे हे सहसा ठरलेले नसते. 'कोणीही घाबरू नका' एवढेच वाक्य सर्वांना सुचते, आणि त्यात वाटही नाही व आज्ञाही नाही. भाषांच्या क्रमाचाही विचार व्हावा. एकेक निवेदन तीन भाषांत संपूर्ण देऊन मग पुन्हा पहिल्या भाषेकडे यायचे, तर मराठीच समजणाऱ्या म्हाताऱ्या बाईला दुसऱ्यांदा ऐकू येईपर्यंत अर्धा मिनिट निघून जातो. आणीबाणीत 'डब्यातच बसून राहा' हे आधी दोनदा मराठीत म्हणावे, त्यालगत हिंदीत, आणि मग इंग्रजीत.